जोडीदाराचे आजारी हृदय : सेवा, सल्लामसलत आणि तवक्कुल

दिव्य कुरआनच्या सूरह अर-रूममध्ये (३०:२१) अल्लाहने पती-पत्नीच्या नात्याची गणना आपल्या निशाण्यांमध्ये केली आहे. या नात्याची ओळख तेथे तीन गोष्टींनी करून दिली आहे : सुकून, मवद्दत आणि रहमत. मवद्दत म्हणजे प्रेम आणि रहमत म्हणजे दया. प्रेम असताना दयेचा वेगळा उल्लेख कशासाठी, असा प्रश्न पडतो. काही मुफस्सिरांनी लिहिले आहे की, मवद्दत तारुण्याशी आणि रहमत उतारवयाशी जोडलेली आहे. शरीर थकते, आजार येतो, एक जण दुसऱ्याच्या हाताविना उठू शकत नाही, तेव्हा संसार रहमतीवर उभा राहतो.

या लेखात आपण अशाच एका प्रसंगाचा विचार करणार आहोत. पती किंवा पत्नी यांपैकी एकास गंभीर हृदयविकार झाला आहे आणि डॉक्टरांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. फुलसावंगी, महागाव, उमरखेड या आपल्या परिसरातील माणूस अशा वेळी पुसदला दाखवतो, तेथून कोणी यवतमाळला, कोणी नांदेडला, तर कोणी सेवाग्राम किंवा नागपूरला जातो. एके ठिकाणी सांगतात, तातडीने बायपास करा. दुसरीकडे म्हणतात, स्टेंट टाकला की पुरे. तिसरे डॉक्टर म्हणतात, गोळ्यांवर भागेल. घरी परतावे तर मामू काढ्याची कृती घेऊन बसलेले असतात आणि खाला एखाद्या हकीमसाहेबांचा पत्ता देतात. या गदारोळात सर्वांत एकाकी असतो तो रुग्णाचा जोडीदार. निर्णय चुकला तर आयुष्यभर बोल आपल्यालाच लागेल, ही भीती त्याला झोपू देत नाही. अशा माणसाला दीनमध्ये कोणता आधार सापडतो, ते पाहू.

सेवा ही इबादत आहे

हिजरी सन २ मध्ये बद्रची लढाई झाली. इस्लामच्या इतिहासात त्या दिवसाचे स्थान काय आहे, हे सांगणे न लगे. त्या वेळी हजरत उस्मान (रजि.) यांच्या पत्नी आणि प्रेषितांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.) गंभीर आजारी होत्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत उस्मान (रजि.) यांना पत्नीच्या सेवेसाठी मदीनेतच थांबण्यास सांगितले आणि बद्रमध्ये सहभागी झालेल्यांइतकेच पुण्य व गनीमतीतील वाटाही त्यांना मिळेल, असे आश्वासन दिले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. हजरत रुकय्या (रजि.) त्या आजारातून उठल्या नाहीत. विजयाची वार्ता मदीनेत पोहोचली तेव्हा त्यांचे दफन चालले होते, असे सीरतकारांनी नोंदवले आहे.

येथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, आजारी पत्नीच्या उशाशी बसणाऱ्या पतीचा दर्जा रणांगणावरील मुजाहिदापेक्षा कमी लेखला गेला नाही. दुसरी, सेवेचे मोल रुग्ण बरा होण्यावर अवलंबून ठेवले गेले नाही. शिफा अल्लाहच्या हाती आहे, सेवा आपल्या हाती आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात चादर अंथरून रात्र काढणाऱ्या प्रत्येक पती-पत्नीने हे मनात कोरून ठेवावे.

इलाज करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही

“जे नशिबात असेल ते होईल, चिरफाड कशाला?” असे म्हणणारे आपल्यात अजूनही आहेत. सुनन अबू दाऊद आणि जामे तिर्मिजी यांतील हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या हदीसनुसार, काही बदूंनी प्रेषितांना विचारले की, आम्ही औषधोपचार करावा काय? तेव्हा प्रेषितांनी उपचार करण्याचा आदेश दिला आणि म्हातारपण वगळता प्रत्येक आजारावर अल्लाहने औषध ठेवले असल्याचे सांगितले.

हृदयाच्या दुखण्याचा प्रसंगही हदीसमध्ये आला आहे. हजरत साद (रजि.) आजारी असताना प्रेषित (स.) त्यांच्या भेटीस गेले, त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि त्यांना हृदयाचा आजार असल्याचे सांगून सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले. अबू दाऊदमधील या हदीसच्या सनदीवर काही मुहद्दिसांनी चर्चा केली आहे, तसेच हारिसने इस्लाम स्वीकारला होता की नाही, याविषयीही मतभेद आहेत. तथापि, जाणकार वैद्य मुस्लिम नसला तरी त्याच्याकडे जाण्यास हरकत नाही, हा मसला उलेमांनी या हदीसवरून काढला आहे. ज्यांच्या दुआवर आपला विश्वास आहे, त्या प्रेषितांनीही दुआ आणि वैद्य यांपैकी एकच निवडा, असे सांगितले नाही.

१९९२ साली जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने या विषयावर ठराव केला. उपचार न घेतल्याने जीव जाण्याचा धोका असेल, तर उपचार घेणे वाजिब ठरते, असे त्यात म्हटले आहे. म्हणून गंभीर हृदयविकारात उपचार टाळणे हे तवक्कुल नव्हे.

सर्वप्रथम तातडी ओळखावी

सल्ल्यांची तुलना करण्याची एक वेळ असते आणि न करण्याचीही एक वेळ असते. हा फरक न समजल्याने जीव जातात.

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखी वेदना, ती खांदा, डावा हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, ही लक्षणे काही मिनिटांत थांबली नाहीत, तर तो दुसऱ्या मताचा प्रसंग नव्हे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने ईसीजीची सोय असलेल्या सर्वांत जवळच्या दवाखान्यात न्यावे. रुग्णाला स्वतः मोटारसायकल चालवू देऊ नये. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली असेल, तर प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. अँजिओप्लास्टीची सोय दोन तासांत गाठता येत नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात आधी देऊन मग पुढे पाठवतात. आपल्या भागातून मोठ्या शहराचे अंतर पाहता ही गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवली पाहिजे. “गॅस झाला असेल, सकाळी पाहू” या एका वाक्याने अनेक घरे उजाड केली आहेत.

डॉक्टरांची मते वेगळी का होतात?

रुग्ण स्थिर असेल, अँजिओग्राफी झाली असेल आणि पुढे काय करावे हा प्रश्न असेल, तेव्हा मतभेद संभवतात. त्यामागे नेहमी लबाडीच असते असे नाही. सूरह अल-हुजुरातने (४९:१२) ज्या वाईट संशयापासून दूर राहण्यास सांगितले आहे, त्यात वैद्यांविषयीचा निराधार संशयही येतो. मतभेदांची काही खरी कारणे वैद्यकशास्त्राच्या अभ्यासांतच दिसतात.

२०२० साली ‘इस्केमिया’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात भारतासह ३७ देशांतील ५१७९ स्थिर रुग्ण होते. काहींवर सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास झाले, तर काहींना आधी केवळ औषधांवर ठेवले गेले. सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्यात झटका किंवा मृत्यू यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. छातीत वारंवार दुखणाऱ्यांना मात्र शस्त्रक्रियेने अधिक आराम मिळाला. हृदयाच्या डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदयाचे पंपिंग फार कमी झालेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. म्हणजेच “गोळ्यांवर भागेल” हे मत एका रुग्णासाठी शास्त्रशुद्ध, तर दुसऱ्यासाठी घातक असू शकते.

दुसरा अभ्यास ‘फ्रीडम’ हा २०१२ सालचा. एकापेक्षा अधिक वाहिन्यांत अडथळे असलेले १९०० मधुमेही रुग्ण त्यात होते. मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही घडण्याचे पाच वर्षांतील प्रमाण बायपास झालेल्यांत १८.७ टक्के, तर स्टेंट टाकलेल्यांत २६.६ टक्के आढळले. पक्षाघाताचे प्रमाण तेवढे बायपासमध्ये जास्त होते : ५.२ टक्के, स्टेंटमध्ये २.४ टक्के. मधुमेहाच्या रुग्णाला एक डॉक्टर बायपास सुचवतो आणि दुसरा स्टेंट, याचे मूळ येथे आहे. प्रत्येक मार्गाचा लाभ वेगळा आणि जोखीमही वेगळी आहे.

निर्णयाची पद्धत : चार पायऱ्या

पहिली पायरी, जाणकाराला विचारणे. सूरह अन-नहलने (१६:४३) ज्ञान नसेल तर ज्ञानी लोकांना विचारण्याचा आदेश दिला आहे. इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये एक प्रसंग आहे. एका जखमी माणसासाठी बनू अन्मार कबिल्यातील दोन वैद्य बोलावले गेले. प्रेषित (स.) यांनी त्यांना विचारले की, तुम्हा दोघांत वैद्यकात अधिक निष्णात कोण? इब्न कय्यिम (रह.) यांनी जादुल मआदमध्ये यावरून नियम सांगितला आहे की, प्रत्येक विद्येत तिच्यातील सर्वांत जाणकार माणसाचा आधार घ्यावा. म्हणून दोन मते परस्परविरोधी असतील, तर तिसरे मत नातेवाइकाचे घेऊ नये, अधिक अनुभवी हृदयरोगतज्ज्ञाचे घ्यावे. जेथे हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यविशारद दोघेही एकत्र बसून अँजिओग्राफी पाहतात, असे रुग्णालय उत्तम.

दुसरी पायरी, कागदपत्रे सोबत ठेवणे. अँजिओग्राफीची सीडी, टू-डी इकोचा अहवाल, ईसीजी, साखर व मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि चालू गोळ्यांची यादी एका पिशवीत तारखेनुसार लावावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्धवट माहितीवर घेतलेले दुसरे मत हे मत नव्हे, अंदाज आहे. प्रत्येक डॉक्टरांना तेच प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत : अडथळा कोणत्या वाहिनीत आहे? पंपिंग किती टक्के आहे? हा उपचार आयुष्य वाढवण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? न केल्यास काय होईल? किती दिवस थांबता येईल? दुसऱ्या डॉक्टरांचे मत वेगळे आहे, त्याचे कारण काय असावे? असे केल्यावर पुष्कळदा लक्षात येते की, दोन डॉक्टर वाटले तेवढे परस्परविरोधी बोलत नव्हते.

तिसरी पायरी, मशविरा. सूरह अल-बकरहमध्ये (२:२३३) मुलाचे दूध तोडण्यासारख्या गोष्टीतही पती-पत्नीने परस्पर संमतीने व सल्लामसलतीने ठरवावे, असे सांगितले आहे. मग छाती उघडण्याच्या निर्णयात रुग्णालाच अंधारात ठेवणे कसे योग्य ठरेल? “अब्बूंना सांगू नका, घाबरतील” हे प्रेम असले, तरी तो त्यांच्या हक्काचा भंग आहे. वसियत, कर्ज, कोणाची अमानत, कोणाची माफी, हे सर्व उरकण्याचा अधिकार रुग्णाला आहे. सत्य सांगावे, पण हळुवारपणे आणि आशेसह सांगावे.

मशविऱ्यात मतभेद झाले तर काय, याचे उदाहरण हजरत उमर (रजि.) यांनी घालून दिले आहे. शामकडे जाताना सरग येथे त्यांना प्लेगची वार्ता मिळाली. त्यांनी मुहाजिरांना विचारले, त्यांच्यात दोन मते झाली. अन्सारांना विचारले, तेथेही दोन मते. मग कुरैशमधील अनुभवी वडीलधाऱ्यांना विचारले आणि त्यांनी परतण्याचा सल्ला दिल्यावर निर्णय घेतला. तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले असता, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांनी कोणाच्याही मताचा उपहास केला नाही आणि मतभेद आहेत म्हणून निर्णय लांबणीवरही टाकला नाही.

चौथी पायरी, इस्तिखारा आणि त्यानंतर अजम. इस्तिखारा हा विचारपूस टाळण्याचा मार्ग नाही. माहिती घेऊन, मशविरा करून मग दोन रकात नमाज व दुआ करावी. स्वप्न पडण्याची वाट पाहत शस्त्रक्रिया लांबवू नये. सूरह आलि इमरानमध्ये (३:१५९) मशविऱ्यानंतर निश्चय आणि निश्चयानंतर तवक्कुल, असा क्रम आहे. निर्णय झाल्यावर “तेव्हा नागपूरलाच जायला हवे होते” असे बोलून जोडीदाराचे मन खचवणाऱ्यांना घरातील वडीलधाऱ्यांनी थांबवावे. योग्य पद्धतीने घेतलेल्या निर्णयाचा परिणाम मनासारखा झाला नाही, तरी तो निर्णय घेणारा गुन्हेगार ठरत नाही.

घरगुती सल्ले देणाऱ्यांची जबाबदारी

लसूण, आले, लिंबू आणि सिरका यांचा काढा ब्लॉकेज उघडतो, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. कलौंजी, अजवा खजूर आणि मध यांचे महत्त्व हदीसमध्ये आहे आणि डॉक्टरांना विचारून ते खाण्यात हरकत नाही. परंतु त्यांच्या भरवशावर स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद केल्या, तर स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊन मृत्यू ओढवू शकतो. या गोळ्या सुरू असताना हिजामा करवून घेण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे, कारण रक्तस्राव थांबणे कठीण जाते.

हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून अबू दाऊदमध्ये आलेला प्रसंग सल्ला देणाऱ्यांनी आठवावा. डोक्याला जखम झालेल्या एका माणसाला सोबत्यांनी तयम्मुमची सवलत नाही, असे सांगितले. त्याने गुस्ल केले आणि तो मरण पावला. हे कळल्यावर प्रेषितांनी त्या सोबत्यांना त्याच्या मृत्यूस जबाबदार धरले आणि अज्ञानाचा इलाज विचारणे हाच आहे, असे बजावले. वैद्यकाचे ज्ञान नसताना इलाज करणारा नुकसानीस जबाबदार असतो, अशीही हदीस आहे.

पत्नी आजारी असेल तेव्हा

आपल्या समाजात पतीच्या छातीत कळ आली की सारे घर धावते. पत्नीला जिना चढताना धाप लागते, पाठ-जबडा दुखतो, थकवा जात नाही, तर “अशक्तपणा आहे” म्हणून टॉनिकची बाटली आणली जाते. छातीतील वेदना स्त्रियांनाही होते, पण धाप, थकवा, मळमळ अशी लक्षणे त्यांच्यात अधिक दिसतात आणि निदान उशिरा होते. तरुण सुनेच्या धापेमागे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप असू शकते. तिला कामचुकार ठरवण्यापूर्वी टू-डी इको करावा.

स्त्री डॉक्टर नाहीत म्हणून तपासणी लांबवू नये. गरजेच्या वेळी पुरुष डॉक्टरांकडून आवश्यक तेवढी तपासणी करून घेणे फुकहांनी जायज मानले आहे. शस्त्रक्रियेची संमती सज्ञान, शुद्धीत असलेल्या स्त्रीची स्वतःची असते. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

खर्चाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. जुन्या फुकहांनी पत्नीच्या औषधाचा खर्च नफक्यात धरला नव्हता, हे खरे. परंतु डॉ. वहबा जुहैली यांच्यासारख्या आधुनिक फकीहांनी उपचार ही आज अन्नाइतकीच मूलभूत गरज असल्याने तो खर्च पतीवर येतो, असे मत मांडले आहे. कुरआनने पत्नीशी भल्या रीतीने वागण्याचा आदेश दिला आहे. आयुष्यभर जिच्या हातचे खाल्ले तिला आजारपणात माहेरी धाडून देणे त्यात बसत नाही. याउलट पती आजारी असताना पत्नीचे दागिने किंवा मेहर तिच्यावर दबाव आणून विकू नये. तो तिचा माल आहे. तिने राजीखुशीने दिला, तर पतीवर खर्च करणाऱ्या पत्नीला दुहेरी पुण्य असल्याचे हजरत इब्न मसऊद (रजि.) यांच्या पत्नी जैनब (रजि.) यांच्या हदीसवरून कळते.

शेत विकण्यापूर्वी किंवा व्याजाचे कर्ज काढण्यापूर्वी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तीत प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून संलग्न रुग्णालयांत अँजिओप्लास्टी व बायपास यांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

घरी परतल्यावर

खरी परीक्षा घरी सुरू होते. गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग स्वतः डॉक्टर असूनही चाळिशीत हृदयविकाराला सामोरे गेले. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या त्यांच्या पुस्तकामुळे असंख्य मराठी वाचकांना कळले की, उपचारानंतर जगण्याची रीतही बदलावी लागते. हा बदल रुग्ण एकटा करू शकत नाही. पतीसाठी बिनमिठाचा वेगळा डबा आणि इतरांसाठी तळलेले, असे चालत नाही. साऱ्या घराचे मीठ-तेल कमी व्हावे. खर्रा, विडी आणि तंबाखू पूर्ण सुटावीत. येथे पत्नीने रोज टोमणे मारण्यापेक्षा मुलांनी आणि मित्रांनी त्याच्यासमोर खर्रा न घोटणे अधिक उपयोगाचे ठरते.

बायपासनंतर छातीचे हाड जुळण्यास सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात रुकू-सजदा जमत नसेल, तर बसून इशाऱ्याने नमाज अदा करावी. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांच्या हदीसने ही सवलत दिली आहे. रमजानचे रोजे धरावेत की नाही, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. सवलत नाकारणे म्हणजे अधिक तकवा नव्हे. उदासी, चिडचिड, रात्रीची भीती, दांपत्यजीवनाविषयीची शंका, हे सर्व या आजाराचाच भाग असते. त्याविषयी डॉक्टरांना संकोच न करता विचारावे.

आणि सेवा करणाऱ्याचीही कोणीतरी सेवा करावी. पहिल्या वहीनंतर थरथरत परतलेल्या प्रेषितांना हजरत खदीजा (रजि.) यांनी पांघरूण घातले, त्यांच्या सद्गुणांची आठवण देऊन धीर दिला आणि मग त्यांना जाणकार वरका बिन नौफल यांच्याकडे नेले. आधी ऊब, मग धीर, मग जाणकाराची वाट, हा क्रम प्रत्येक जोडीदाराने शिकावा. शेजाऱ्यांनी आणि जमातीने त्या घरी दोन वेळचा डबा पोहोचवावा, एक रात्र दवाखान्यात बसून त्या थकलेल्या माणसाला झोपू द्यावे. इयादतीला जाऊन तासभर इतरांच्या मृत्यूच्या कथा सांगण्यापेक्षा हे कितीतरी उत्तम.

घरात बसून चर्चा करावी असे प्रश्न

१. आपल्या घरातून ईसीजीची सोय असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता? रात्री वाहन कोणाचे मिळेल?
२. घरातील चाळिशीपुढील स्त्री-पुरुषांचा रक्तदाब आणि साखर शेवटी केव्हा तपासली?
३. आजारपणात आपल्या वतीने कोणी बोलावे, हे पती-पत्नीने एकमेकांना सांगितले आहे काय?
४. आपल्या मोहल्ल्यात आज कोण एकट्याने रुग्णसेवा करत आहे?

हे अल्लाह! आमच्या आजारी जोडीदारांना शिफा दे, त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ आणि सब्र दे, वैद्यांच्या हातांना यश दे आणि आमच्या घरांतील मवद्दत व रहमत अखेरपर्यंत टिकवून ठेव. आमीन.